भरती-ओहोटीच्या मुलुखांत

“म्हसळ्यास पाहण्यासारखें आहे तरी काय?” असा प्रश्न पुण्या-मुंबईचे आप्त पूर्वीं पत्रांतून विचारीत, आतां टेलिफोनवर विचारतात. त्याचें प्रामाणिक उत्तर असें कीं, खुद्द म्हसळ्यांत फारसें कांहीं नाहीं. डोंगरांच्या कुशींत वसलेलें तालुक्याचें एक लहानसें गांव, एक बाजारपेठ, देवळें, मशिदी, शाळा, एस. टी.चा थांबा, आणि गांवाच्या अंगास येऊन थबकलेली खाडी, एवढाच त्याचा पसारा. परंतु या गांवीं बिऱ्हाड ठेवून चार दिवस चार दिशांस जाणारा मनुष्य जें पाहतो, तें पाहण्यासाठीं इतरत्र शंभर कोस हिंडावें लागेल, असें आम्हां म्हसळेकरांस वाटतें. तें सर्वस्वीं गांवच्या अभिमानानें नव्हे, हें वाचकांनीं पुढें पाहून ठरवावें.

प्रथम नकाशा उघडून पाहावा. उत्तरेस राजापुरीची खाडी, दक्षिणेस सावित्री नदीचें मुख म्हणजे बाणकोटची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस डोंगर. तीन बाजूंनीं पाणी व चौथ्या बाजूस घाट, असा हा म्हसळा-श्रीवर्धनचा तुकडा जवळजवळ बेटच होय. ज्या संस्थानाचा तो पिढ्यान्‌पिढ्या भाग होता, त्याचें नांवही बेटावरूनच पडलें आहे. अरबी भाषेंत ‘जझीरा’ म्हणजे बेट. त्याचाच आपल्या जिभेवर ‘जंजिरा’ झाला. सिद्दी नबाबांचें हें संस्थान इ. स. १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. जुनीं माणसें या सगळ्या मुलुखास हबसाण म्हणत.

या मुलुखांत प्रवासाचें वेळापत्रक आगगाडी ठरवीत नाहीं, समुद्र ठरवितो. म्हणून येथें येतांना बरोबर पंचांग अवश्य आणावें. आपल्या घरांतून पंचांगाचा आणि प्रवासाचा संबंध दिशाशूल व शुभ वेळा यांच्यापलीकडे सहसा जात नाहीं. कोळ्याला तिथि पाहिजे असते ती निराळ्याच कारणासाठीं. भरतीची वेळ काढावयाची झाली म्हणजे तो तिथीची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, एकदां पहांटे व एकदां दुपारीं. अष्टमीस ती सहा वाजतां. पौर्णिमेस व अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मध्याह्न व मध्यरात्र यांच्या आगेंमागें. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. पूर्ण भरतीनंतर सुमारें सव्वासहा तासांनीं ओहोटी पुरी होते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गृहीत धरावाच लागतो. तरीही पाटी-पेन्सिलीवांचून करतां येणारें इतकें उपयोगी गणित दुसरें क्वचितच सांपडेल. त्याचें कारणही मुलांस समजावून देण्याजोगें आहे. चंद्र दररोज सरासरीनें पन्नास मिनिटें उशिरां उगवतो, आणि पाणी चंद्रामागून चालतें. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र एका रेषेंत येऊन पाणी ओढतात, म्हणून तेव्हां उधाण; अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ परस्परांस आडवी येते, म्हणून तेव्हां पाणी कमी चढतें व कमीच उतरतें, त्यास येथें भांग म्हणतात.

म्हसळ्याची खाडी हें या गणिताचें पहिलें प्रात्यक्षिक होय. ओहोटीस पाहिली तर ती खाडी आहे असें नवख्यास वाटणारही नाहीं. करडा चिखल, तिवरांचीं उघडीं मुळें, आणि मधून वाहणारी पाण्याची एक रेघ. सहा तासांनीं तेथेंच दोन्हीं कांठ भरून पाणी उभें राहतें. गाडीरस्ते नव्हते तेव्हां याच भरतीच्या पाण्यावर मचवे राजापुरीच्या खाडींतून आंत म्हसळ्यापर्यंत चढत आणि ओहोटीबरोबर उतरत. आज रस्त्यानें सगळा व्यवहार होतो व खाडीकडे गांवाची पाठ झाली आहे. आमच्या मतें पाहुण्यानें सायंकाळचा एक तास तरी या कांठावर काढावा. पक्षी पाहण्याची हौस असणाऱ्यानें तर ओहोटीचीच वेळ साधावी, कारण बगळे व तुतारे चिखलावर उतरतात ते तेव्हांच.

खाडीच्या मुखाशीं गेलें म्हणजे ज्या बेटानें संस्थानास नांव दिलें, तें दिसतें. दिघीहून किंवा पलीकडच्या राजापुरीहून होडीनें किल्ल्यांत जातां येतें. राजापुरीच्या होड्यांस अजून शीड असतें, आणि शिडाच्या होडींत बसण्याची संधि आजच्या मुलांस सहसा मिळत नाहीं. पावसाळ्यांत हा मार्ग बंद असतो. किल्ल्याचा महादरवाजा दुरून दिसतच नाहीं. दोन बुरुजांच्या बगलेंत तो असा कांहीं दडविला आहे कीं, होडी अगदीं तटाशीं भिडेपर्यंत आपण भिंतीवर आदळणार असें वाटत राहतें. दरवाज्यावर हत्तींना पंजांत दाबून धरलेल्या श्वापदाचें शिल्प आहे. तें पाहिलें कीं बांधणाऱ्याच्या मनांतील घमेंड सांगावी लागत नाहीं. आंत चोहोंकडे खारें पाणी असतांही गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, पडका सुरूलखानाचा वाडा आहे, आणि बुरुजावर कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे. होडी पायऱ्यांशीं डुलत असतां तांडेल हात पुढें करतो; घरांतील वडील मंडळींनीं तो हात संकोच न करतां धरावा.

हा किल्ला शिवाजीमहाराजांस मिळाला नाहीं. संभाजीमहाराजांनीं इ. स. १६८२ च्या सुमारास किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रांत भर घालून वाट करण्याचें योजिलें होतें. मोगलांची फौज कोंकणांत उतरल्यामुळें तें काम अर्धेंच राहिलें. परंतु जंजिऱ्यावरून परत फिरणाऱ्या पाहुण्यांपैकीं दहांतले नऊ जण मुरुडासमोरचा पद्मदुर्ग न पाहतांच जातात, याचें आम्हांस नेहमीं वाईट वाटतें. जंजिऱ्यास शह देण्यासाठीं महाराजांनीं कांसा नांवाच्या खडकावर हा दुर्ग बांधविला. तेथील भिंतींत एक चमत्कार आहे. समुद्राच्या वाऱ्यानें व लाटांनीं दगड बोट-बोटभर झिजून आंत गेले आहेत, आणि त्यांच्यामधला चुना मात्र जाळीसारखा पुढें उभा आहे! याच दुर्गास रसद पोंचविण्यांत हयगय झाली म्हणून इ. स. १६७५ मध्यें महाराजांनीं प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास एक कडक पत्र लिहिलें; ब्राह्मण म्हणून तुझा मुलाहिजा होईल असें समजूं नको, असा त्याचा आशय आहे. आपल्या घरांतून तें पत्र मुद्दाम वाचून दाखविण्यासारखें आहे.

किल्ल्यांचें पाहून डोळे शिणले म्हणजे दिवेआगरास जावें. म्हसळ्याहून बोर्ली पंचतनावरून हा रस्ता जातो. समुद्रकिनारा लांब, सपाट व मऊ वाळूचा आहे. पण दिवेआगर म्हणजे केवळ किनारा समजणें हा त्या गांवावर अन्याय होय. शिलाहारांच्या काळापासून हें गांव नांदतें आहे. रूपनारायणाच्या देवळांतील विष्णुमूर्ति त्याच काळची असून तिच्या प्रभावळींत दशावतार कोरले आहेत. इतकें रेखीव काम या किनाऱ्यावर दुसरीकडे आमच्या पाहण्यांत नाहीं. येथेंच सांपडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठी भाषेच्या अगदीं आरंभींच्या लेखांत गणला जातो. त्यांत राजांच्या बिरुदांचा गाजावाजा नाहीं. गांवच्या ब्राह्मणांमधील सोन्याच्या ठेवीचा व्यवहार आहे, आणि घैसास हें आपल्या चांगल्या परिचयाचें उपनांव आहे. मराठी भाषा लिहूं लागली ती हिशेब चोख राहावा म्हणून, हें वाचून गृहिणींस तरी नवल वाटणार नाहीं.

सोन्याचा संबंध या गांवास पुढेंही चिकटला. १७ नोव्हेंबर १९९७ रोजीं, संकष्टी चतुर्थीच्या दिवशीं, पोफळीच्या एका वाडींत खणतांना तांब्याच्या पेटींतून गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. गांव एकाएकीं तीर्थक्षेत्र झालें. २४ मार्च २०१२ च्या रात्रीं चोरट्यांनीं दोघां पहारेकऱ्यांस ठार मारून तो मुखवटा पळविला व वितळविला. सोनें पुष्कळसें परत मिळालें, आणि २०२१ मध्यें नव्यानें घडविलेल्या मुखवट्याची स्थापना झाली. भाविकांची गर्दी आज पुन्हां आहे. परंतु देवासमोर हात जोडतांना त्या दोन पहारेकऱ्यांची आठवण फार थोड्यांस होते.

आमचें स्वतःचें मन मात्र देवळापेक्षां वाडींत अधिक रमतें. ज्यानें कोंकणची वाडी आंतून पाहिली नाहीं, त्यास ती शब्दांनीं सांगणें कठीण. खालीं वाळूमिश्रित जमीन, तींतून झुळझुळणारे पाट, अंगावर मिऱ्याचे वेल चढलेल्या सरळसोट पोफळी, त्यांच्याही वर नारळांच्या झावळ्या, मधून केळी, जायफळ, अननस. आणि भर वैशाखांतही खालीं हिरवा, थंड काळोख. श्रीवर्धन-दिवेआगरची रोठा सुपारी नांवाजलेली. श्रीवर्धनास कोंकण कृषि विद्यापीठाचें सुपारी संशोधन केंद्रही आहे. पोफळीची गळून पडलेली विरी घ्यावी, तिच्यावर एका मुलानें बसावें व दुसऱ्यानें ओढावें, ही येथील मुलांची गाडी. शहरच्या मुलांस ती एकदां मिळाली कीं तीं समुद्राचें नांव काढीत नाहींत.

३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस या किनाऱ्यावर आदळलें. वारा ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें वाहत होता. कांहीं तासांत वाड्यांच्या वाड्या आडव्या झाल्या, म्हसळ्या-श्रीवर्धनांतील घरांचे पत्रे व कौलें उडालीं, आणि वीज कित्येक दिवस आली नाहीं. छप्पर वर्षभरांत पुन्हां घालतां येतें. पोफळीचें तसें नाहीं. रोप लावल्यापासून फळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात, आणि भरास यावयास त्याहून अधिक. आजोबांनीं लावावें, मुलानें शिंपावें, नातवानें तोडावें, असा हा धंदा. त्यांत एका दिवसानें सगळ्या पिढ्यांची सांखळी तोडली. ज्यांचे मुलगे मुंबईस नोकरीस आहेत अशा साठी उलटलेल्या गृहस्थांनीं त्याच पावसांत पुन्हां रोपें लावलीं, तीं आम्हीं पाहिलीं आहेत. आतां तीं फळास येऊं लागलीं आहेत. दुसऱ्या कित्येकांनीं मोकळ्या झालेल्या जागेंत पाहुण्यांसाठीं खोल्या बांधल्या. त्यांस दोष देणें सोपें आहे, पण दर महिन्यास हातीं येणारा पैसा आणि सात वर्षांनीं येणारी सुपारी यांतून निवड आपणांस करावी लागलेली नाहीं. पाहुण्याच्या हातीं एवढेंच आहे कीं, उतरावयाचें तें अजून वाडी राखलेल्या घरीं उतरावें, आणि सकाळीं यजमानांस वाडी दाखविण्याची विनंति करावी. ती मोडत नाहींत, उलट त्यांस आनंद होतो. जेवणास केळफुलाची भाजी, वालाचें बिरडें, सोलकढी व उकडीचे मोदक मिळतात; मोदकांची वर्दी आदल्या दिवशीं द्यावी लागते.

दिवेआगराहून श्रीवर्धनास जाण्यास दोन वाटा आहेत. घाई असणाऱ्यानें आंतल्या रस्त्यानें जावें. घाई नसेल तर भरडखोल, शेखाडी, कोंडिवली, आरावी अशी किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणारी वाट धरावी. उजव्या हातास समुद्र जवळजवळ सबंध वेळ बरोबर चालतो. भरडखोल ही कोळ्यांची मोठी वस्ती. तेथें होड्या, जाळीं व वाळत घातलेली मासळी यांचा वास नाकास झोंबेल, पण नाक दाबून घेऊं नये, तें त्या लोकांचें अंगण आहे. शेखाडीचा किनारा पाहून कोणास खरें वाटणार नाहीं कीं, १९९३ च्या फेब्रुवारींत रात्रीच्या अंधारांत याच ठिकाणीं स्फोटकें उतरविलीं गेलीं, आणि मार्चच्या १२ तारखेस मुंबई हादरली.

श्रीवर्धन हें पेशव्यांचें मूळ गांव. भट घराण्याकडे येथील देशमुखी होती. सिद्दीशीं बिनसलें तेव्हां बाळाजी विश्वनाथांनीं गांव सोडलें, सावित्री ओलांडून वेळासच्या भानूंकडे आश्रय घेतला व पुढें घांटावरची वाट धरली. इ. स. १७१३ मध्यें त्यांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, आणि भानूंच्या घरीं फडणिशी आली. एका खाडीच्या दोन कांठांवरच्या दोन घरांनीं पुढें शंभर वर्षें पुण्याचा कारभार चालविला! गांवांत पेशव्यांचें स्मारक आहे, तें पाहावें; पण लक्ष्मीनारायणाच्या देवळांतील काळ्या पाषाणाची मूर्ति पाहण्यास अधिक वेळ ठेवावा.

आतां हरिहरेश्वर. दक्षिणकाशी म्हणून प्रसिद्ध असलेलें हें क्षेत्र पेशव्यांचें कुलदैवत. प्रथम काळभैरवाचें दर्शन, मग हरिहरेश्वराचें, आणि पुन्हां काळभैरवाचें, असा येथील प्रघात आहे. तो गुरुजी सांगतातच. परंतु देवळामागील प्रदक्षिणेविषयीं दोन शब्द आम्हीं अधिक विस्तारानें लिहिणार आहों, कारण हा विषय हौसेचा नसून जिवाचा आहे.

देवळापासून वाट डोंगरावर चढते, मग खडकाच्या चिरेंतून पायऱ्या उतरून थेट समुद्रांत शिरलेल्या कातळावर येते. तेथून डोंगराच्या पायथ्याशीं समुद्राच्या बाजूनें वळसा घालून पुन्हां देवळाशीं यावयाचें. या वाटेवरील कातळ लाटांनीं व खाऱ्या वाऱ्यानें मधाच्या पोळ्यासारखा कोरला आहे. मनुष्याच्या हातानें अशी जाळी झाली नसती. पण हा कातळ भरतीस पाण्याखालीं जातो. एका बाजूस उभा कडा व दुसऱ्या बाजूस उघडा समुद्र, अशा स्थितींत पाणी चढूं लागलें तर पळावयास जागा नाहीं. शेंवाळानें निसरडें झालेलें असतें तें वेगळेंच. लाटेनें ओढून नेल्यामुळें येथें आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत, आणि त्यांतले बहुतेक परगांवचे.

येथें पंचांगाचें गणित कामीं येतें. आपल्या मंडळींचा कल स्नान करून सकाळीं प्रदक्षिणा घालण्याकडे. चतुर्थीस तें चालेल, कारण भरती तीनला व ओहोटी नवाच्या पुढें. पण एकादशीस? अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळीं सव्वाआठला समुद्र भरलेला, आणि वाट मोकळी व्हावयाची ती दुपारीं. महाशिवरात्र तर कृष्ण चतुर्दशीची. चौदाची पाऊणपट साडेदहा. ज्या वेळेस देवळांत सर्वांत अधिक गर्दी, त्याच वेळेस मागें उधाणाची भरती. ज्या तिथींस आपण येथें मुद्दाम येतों, नेमक्या त्याच तिथींस सकाळची प्रदक्षिणा घातक ठरते, ही गोष्ट प्रत्येक घरांतील कर्त्या माणसानें ध्यानांत ठेवावी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीं निघावें, मुलांचा हात सोडूं नये, कातळाच्या कडेस उभें राहून छायाचित्रें काढूं नयेत, आणि पावसाळ्यांत तर या वाटेस जाऊंच नये. हिशेब केला तरी निघण्यापूर्वीं गांवकऱ्यांस विचारावें, व ते नको म्हणाले तर तें शेवटचें समजावें.

आमच्या घरच्या एक वृद्ध आत्याबाई एका एकादशीस सकाळींच प्रदक्षिणा झाली पाहिजे म्हणून अडून बसल्या होत्या. गुरुजींनीं वाद घातला नाहीं. ते म्हणाले, “आत्याबाई, देव कोठें जात नाहीं. पाणी मात्र दुपारीं जाईल, मग घाला.” आत्याबाईंनीं दुपारपर्यंत ओसरीवर जप केला, आणि तीन वाजतां कोरड्या पायांनीं परत आल्या.

हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून पलीकडे वेसवीस फेरीबोट जाते. मोटारसुद्धां तींत चढवितां येते. पलीकडे बाणकोटचा किल्ला व नाना फडणिसांच्या पूर्वजांचें वेळास. वेळासास आज लोक जातात ते नानांसाठीं नव्हे, कासवांसाठीं. समुद्री कासवांच्या माद्या थंडीच्या दिवसांत वाळूंत अंडीं घालून निघून जातात. पूर्वीं तीं अंडीं माणसें व कोल्हीं खात. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ पासून गांवकऱ्यांच्या मदतीनें तीं राखण्यास आरंभ केला. सुमारें पन्नास दिवसांनीं पिल्लें निघतात, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत सकाळ-संध्याकाळ तीं समुद्रांत सोडतांना पाहतां येतात. एखाद्या दिवशीं एकही पिल्लूं निघत नाहीं. अशा वेळीं मुलांनीं हट्ट धरूं नये म्हणून आधींच सांगून ठेवावें.

परतीच्या वाटेवर, माणगांव स्थानकाकडे जातांना, ज्यांस एक दिवस अधिक काढतां येईल त्यांनीं तळ्यावरून मांदाडजवळच्या कुडे येथील लेण्यांकडे वळावें. राजापुरीच्याच खाडीच्या आंतल्या टोंकावर डोंगरांत हीं २६ बौद्ध लेणीं आहेत. त्यांतील जुनीं सुमारें दोन हजार वर्षांचीं. कार्ले-भाज्यांची गर्दी येथें नाहीं. भिंतींवर दानाचे लेख आहेत, आणि देणारे राजे नव्हेत. एक वैद्य आहे, एक माळी आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे, भयिला नांवाची एक ब्राह्मण स्त्री आहे. सहाव्या लेण्यांत महाभोजाच्या पदरच्या शिवभूति नांवाच्या लेखकाचें दान असून त्याचा धाकटा भाऊ शिवम यानें तेथील शिल्पें करविलीं. त्या लेखांत शिवमाचीं आईबापें, पत्नी विजया, मुलगे व मुली यांचीं नांवें एकामागून एक कोरलेलीं आहेत. कोणी वगळलेलें दिसत नाहीं. लेण्याच्या ओट्यावर बसलें म्हणजे खालीं खाडी दिसते. सप्तमीस गेलां तर सव्वापांचच्या सुमारास ती कांठोकांठ भरलेली असेल. त्यानंतर मात्र फार रेंगाळूं नये. वाट रानाची आहे, आणि दिवेलागणीपूर्वीं हमरस्त्यास लागलेलें बरें.